बेणारेबाई आणि सुलभाताई

अभिनेत्री सुलभा देशपांडे हे नाव घेतलं की समोरच्याचं वय कळतं. तिशीच्या आसपासचा असेल तर तो ‘इंग्लिश विंग्लिश’मधली सासू म्हणतो. पन्नाशीकडे झुकलेला असेल तर ‘चौकट राजा’तली आई. आणि सत्तरीच्या पुढचा, त्यातही दादर-माहीमचा असेल, तर ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ नाटकातली ‘बेणारे’ एवढंच म्हणतो आणि दादरच्या छबिलदास शाळेत होणाऱ्या नाटकांच्या गोष्टी सुरू करतो. त्या गोष्टी लवकर संपत नाहीत. घाईत असाल तर विषय काढू नये.

मी मधल्या गटातली. माझ्यासाठी त्या आधी आई होत्या, बेणारे बऱ्याच उशिरा झाल्या. म्हणजे त्यांची कारकीर्द मी शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत गेले. एका अर्थी ते बरंच झालं. पडद्यावरची ती सोशिक बाई पाहून मनात जे चित्र पक्कं झालं होतं, ते मागे जाता जाता मोडत गेलं.

जून 2016 मध्ये त्या गेल्या तेव्हा माझ्या फोनवर आलेल्या बहुतेक श्रद्धांजल्यांत श्रीदेवीबरोबरचा फोटो होता. त्यात वाईट काही नाही. गोडबोल्यांच्या घरातली ती सासू छानच होती. सुनेला टोचून बोलण्याचं काम त्या घरात नवरा आणि मुलगी करतात, सासू करत नाही. मराठी प्रेक्षकाला अशी सासू पडद्यावर दिसली की आधी संशयच येतो, पुढे काहीतरी करेल म्हणून. सुलभाताईंनी तो संशय पहिल्या काही मिनिटांतच घालवला. पण पन्नासेक वर्षांच्या कामातला तो अगदी टोकाचा तुकडा. त्यावरून सुलभा देशपांडे कळत नाहीत.

जन्म 1937 चा. माहेरचं आडनाव कामेरकर. दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेत त्या शिक्षिका होत्या आणि नाटकाची सुरुवात त्या शाळेच्या आसपासच झाली. पुढे विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे या मंडळींनी 1960 साली ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था उभी केली, त्यात त्या होत्या. अरविंद देशपांडे त्यांचे पती. रंगायनवर भरपूर लिहिलं गेलंय, त्यामुळे मी थेट 1967 वर येते.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ त्या वर्षी राज्य नाट्यस्पर्धेसाठी बसलं. दिग्दर्शन अरविंद देशपांड्यांचं, लीला बेणारे सुलभाताई. नाटकाचं बीज तेंडुलकरांनीच सांगून ठेवलंय: विलेपार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला निघालेली एक हौशी मंडळी त्यांना भेटली होती. त्या साध्या, हसऱ्या, मध्यमवर्गीय टोळक्यातून त्यांनी काय काढलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कुठल्याशा गावी कार्यक्रमाला आलेली मुंबईची माणसं, वेळ आहे म्हणून केलेला लुटुपुटीचा खटला, आणि बघता बघता त्या खेळात खरोखरच सापडलेली एक अविवाहित शिक्षिका. आरोप भ्रूणहत्येचा. ज्याच्यामुळे दिवस गेले ते प्राध्यापक दामले नाटकात येतच नाहीत, त्यांची फक्त खुर्ची रिकामी.

बेणारे म्हटलं की शेवटचं स्वगत, असं आपल्याकडे समीकरण झालंय. कॉलेजांच्या एकपात्री स्पर्धा, अभिनयाच्या शाळांच्या प्रवेशचाचण्या, कुठेही जा, ते स्वगत कानावर पडतंच. प्रेक्षकांत बसून मी ते इतक्या मुलींकडून ऐकलंय की पहिला शब्द उच्चारायच्या आधी मुलगी श्वास कसा घेते त्यावरून पुढचं सगळं समजतं. बहुतेक जणी पहिल्याच वाक्याला रडायला लागतात. मग पुढे जायला जागाच उरत नाही. त्यांचा दोष नाही. आगापिछा नसलेलं स्वगत म्हणायला दिलं तर माणूस रडण्यापासूनच सुरुवात करणार.

नाटकात मात्र त्या स्वगताआधी दोन गोष्टी घडलेल्या असतात आणि माझ्या मते सुलभाताईंचं मोठेपण त्या दोन गोष्टींत आहे.

पहिली म्हणजे सुरुवात. हॉलमध्ये बेणारे आणि तिला वाट दाखवायला आलेला गावातला सामंत, दोघंच. बाकीचे मागाहून येतायत. बाई खुशीत आहेत. बडबडतात, गुणगुणतात, सोबतच्यांच्या नकला करतात, सामंताला जरा गोंधळवतात. आपल्या वर्गाविषयी बोलतात, मोठ्या माणसांपेक्षा मुलं बरी म्हणतात. आणि बोलता बोलता, जेमतेम ओळख झालेल्या त्या साध्या माणसासमोर, आतलं काहीतरी ओठांवर येऊन परत जातं. हा सगळा भाग हलका हवा, फुलपाखरी हवा, आणि तरी त्यात कुठेतरी बारीक थरथर हवी. पहिला अंक खराखुरा हसरा गेला नाही तर तिसरा अंक नुसता रडका होतो. याच भागात दाराच्या कडीचीही गोष्ट येते. ही कडी नीट सरकवली नाही तर दार अडकून बसतं, असं सामंत सांगतो. पुढे बेणारे हे सगळं सोडून निघायला बघते तेव्हा ते दार उघडत नाही. तेंडुलकरांच्या कारागिरीचा हा नमुना. पण ती कडी प्रेक्षकाच्या लक्षात राहावी एवढ्या सहजतेने सुरुवातीचं ते संभाषण होणं हे नटाचं काम.

दुसरी गोष्ट म्हणजे तिसऱ्या अंकातलं गप्प बसणं. खटला रंगात येतो. सुखात्मे वकिली आवाजात तिचं चारित्र्य उलगडत जातो, काशीकर न्यायाधीश म्हणून मधे मधे सनातन मतं मांडतो, काशीकरबाई, पोंक्षे, कर्णिक, रोकडे एकेक करून साक्षीला येतात. बोलतात सगळे, आणि बोलतात तिच्याविषयीच. ती आरोपीच्या पिंजऱ्यात. शब्द जवळपास नाहीतच. रंगमंचावर सर्वांत अवघड काय असेल तर हे. नटाला वाक्य नसलं की त्याचे हात मोठे होतात, कुठे ठेवावेत कळत नाही. इतकी मिनिटं केवळ ऐकत राहायचं आणि प्रेक्षकाची नजर आपल्यावरून हलू द्यायची नाही. मग काशीकर तिला बोलायला दहा सेकंद देतो. ती दहा सेकंदही गप्प राहते. बाकीचे सगळे जागच्या जागी गोठतात आणि त्या दहा सेकंदांतच ते स्वगत येतं. कोर्टातल्या कोणालाही ऐकू न जाणारं.

तेव्हा या स्वगतात ती सफाई देत नसते. सफाईची वेळ गेलेली आहे. स्पर्धेतल्या मुली ते म्हणतात तेव्हा समोर परीक्षक असतात, त्यामुळे त्या नकळत परीक्षकांची समजूत घालायला लागतात. बेणारेला आता कोणाची समजूत घालायची नाहीये, म्हणून तर ती इतकं स्वच्छ बोलू शकते. पंधराव्या वर्षी मामावर जडलेलं प्रेम, नंतर बुद्धिमान माणसाविषयीची भक्ती, शरीराविषयीचा राग आणि त्याच शरीराविषयीची माया. 1967 साली मराठी रंगमंचावर एका बाईने हे बोलणं म्हणजे काय असेल याचा अंदाज आज करवत नाही. आज आपण ते अभ्यासक्रमात लावलंय.

हे स्वगत नाटकात मुळात नव्हतं, तालमी सुरू असताना अरविंद देशपांड्यांनी तेंडुलकरांच्या मागे लागून ते लिहवून घेतलं, ही गोष्ट नाट्यवर्तुळात नेहमी सांगितली जाते. कोंडून घातलं इथपर्यंत सांगणारेही आहेत. तपशिलात प्रत्येक जण आपापली भर घालतो. मला त्यातली तालमीची बाजू महत्त्वाची वाटते. ते लिहिलं जात होतं तेव्हा बेणारे कागदावरची राहिली नव्हती. सुलभाताई रोज ती करत होत्या. लेखकाच्या कानात त्यांचा आवाज बसलेला असणार, तो जरासा भरड, मधेच खाली उतरणारा आवाज.

1967 च्या त्या प्रयोगातलं आज आपल्यापुढे काही नाही. आहे तो चित्रपट. सत्यदेव दुबेंनी 1971 मध्ये केलेला, पटकथा गिरीश कर्नाडांची, छायाचित्रण गोविंद निहलानींचं, आणि मराठी पडद्यावर नवखे असलेले अमोल पालेकर त्यात आहेत. कृष्णधवल, पैशाची चणचण लपवता न आलेला. चित्रपट म्हणून तो अडखळतो, हे मान्य करायला हरकत नाही. पण बेणारे तीच आहे, मूळची. तो पाहताना मला स्वगतापेक्षा तिच्या हसण्याच्या जागा जास्त लक्षात राहिल्या. सहकाऱ्यांची थट्टा करताना ती जे हसते त्यात शिक्षकखोलीतलं हसणं आहे. ज्यांनी शाळेत नोकरी केलीय त्यांना ते ओळखू येईल. दोन तासांच्या मधे, तपासायच्या वह्यांच्या गठ्ठ्यामागून, मुख्याध्यापकांचा आवाज काढून दाखवणाऱ्या बाईचं हसणं.

आणि इथे मला नेहमी थांबायला होतं. बेणारे शिक्षिका आणि सुलभाताईही शिक्षिका. नाटकात शाळा बेणारेला बाहेर काढायला निघते, तेही भर कोर्टात सांगितलं जातं. प्रत्यक्षात मात्र ज्या शाळेत सुलभाताईंनी शिकवलं तिनेच पुढे मुंबईतल्या अख्ख्या प्रायोगिक रंगभूमीला आसरा दिला.

तो भाग असा. रंगायनमध्ये फूट पडली. 1971 साली अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि बरोबरच्यांनी ‘आविष्कार’ काढली. पहिलं नाटक केलं तेही असं की नव्या संस्थेने करू नये: कर्नाडांचं ‘तुघलक’, तेंडुलकरांच्या अनुवादात, अरुण सरनाईक तुघलकाच्या भूमिकेत. भव्य आणि महागडं. हौस फिटली आणि खिसाही. त्यानंतर मग छोट्या जागेचा शोध. त्या काळात ताडदेवच्या वालचंद टेरेसमध्ये दुबे आणि इतर मंडळी नाटकं करत. ती जागा गेली तेव्हा 1974 मध्ये आविष्कारने दादरला छबिलदास शाळेचा हॉल घेतला.

ज्यांनी छबिलदास पाहिलेलं नाही त्यांना वाटतं, मोठं काहीतरी असणार. शाळेचा हॉल होता हो. दादर स्टेशनच्या पश्चिमेला, बाजाराच्या गर्दीत. खाली भाजीवाल्यांचा गलका, पलीकडे लोकलचे आवाज, गल्लीत श्रीकृष्णच्या बटाटावड्याचा वास. दिवसा मुलांची प्रार्थना, संध्याकाळी कार्यकर्त्यांनी मांडलेल्या खुर्च्या. विंगा नाहीत, नाट्यगृहाचा थाट नाही. तिकीट परवडणारं. आणि तिथे दुबेंपासून कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेल्या पोरांपर्यंत सगळ्यांना जागा, मग नाटक आविष्कारचं असो वा नसो. सांगायची गोष्ट ही की जागा मिळणं हीच तेव्हा प्रायोगिक नाटकाची खरी अडचण होती. संहिता होत्या, नट होते, वेडेपणा तर भरपूर होता. नव्हती ती परवडणारी जागा. ‘छबिलदास चळवळ’ असं भारदस्त नाव नंतर पडलं. तिचं रोजचं रूप म्हणजे हॉलच्या तारखा, खुर्च्या, दिवे, जमाखर्च आणि शाळेशी गोडीगुलाबीने राहणं.

अरुण काकडे या कामातले राजे. त्यांच्यावर स्वतंत्र लिहायला हवं. पण घरचीच एक शिक्षिका संस्थेत असल्याने शाळेशी बोलणं सोपं गेलं असणार, असं मला फार वाटतं. शाळेच्या व्यवस्थापनाला नाटकवाल्यांपेक्षा बाई अधिक विश्वासाच्या वाटतात. दोन्हीकडची भाषा येणारं माणूस लागतं अशा कामाला.

अशा आयुष्यांवर लिहिताना आपल्याकडे एक शब्द हमखास येतो: त्याग. त्यांनी व्यावसायिक रंगभूमीचा त्याग केला, प्रसिद्धीचा त्याग केला वगैरे. मला तो शब्द इथे खोटा वाटतो. बेणारेसारखी भूमिका केलेल्या नटीला शिवाजी मंदिरात हाऊसफुलचा बोर्ड लावणारी नाटकं करता आली नसती असं नाही. पण ज्या माणसांना तालमीतच मजा येते त्यांची जात वेगळी. त्यांना नवं काहीतरी उभं राहताना बघायचं असतं, दुसऱ्याचं असलं तरी चालतं. ती गोडी होती. तिला त्याग म्हणणं म्हणजे त्या बाईंना उगीच देवळात बसवणं. शिवाय त्याग म्हटलं की आपली जबाबदारी संपते. त्यांनी केलाच ना, मग आपण टाळ्या वाजवल्या की झालं.

खर्च मात्र झाला, ते खरं. मोठ्या भूमिकांची यादी केली तर सुलभाताईंच्या वाट्याला त्यांच्या ताकदीच्या मानाने कमी आल्या असं मला वाटतं. आणि हिंदी सिनेमाने तर मराठी नाटकातल्या बायकांसाठी एक कायमची जागा राखून ठेवलेली: आई. ‘मैंने प्यार किया’त सलमानची आई झालेल्या रीमा लागू तेव्हा जेमतेम एकतीस वर्षांच्या. ‘अग्निपथ’मध्ये अमिताभची आई झालेल्या रोहिणी हट्टंगडी त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. या हिशेबाने सुलभाताईंना 1977 च्या ‘भूमिका’त चाळिशीत स्मिता पाटीलची आई करायला मिळाली हे तर रीतसरच म्हणायचं.

पण ती आई बघा. श्याम बेनेगलांचा हा चित्रपट हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर बेतलेला. शांता, म्हणजे उषाची आई, ही काही पोळ्या लाटत डोळे पुसणारी आई नाही. गाणाऱ्या बायकांच्या घराण्यात वाढून लग्नाने मिळालेली इज्जत हातची जाऊ नये म्हणून धडपडणारी बाई आहे. स्वतः ज्यातून बाहेर पडली त्यात मुलगी परत जाईल ही भीती, आणि त्याच मुलीच्या कमाईवर घर चालणार हेही कळतंय. सुलभाताई तिला प्रेमळ करायला जात नाहीत. ती कडक आहे, करवादलेली आहे, आणि बरोबर आहे की चूक हे आपल्याला ठरवता येत नाही. स्मिता पाटीलवर सगळं जग बोलतं, बोलावंच. पण उषा घरातून पळायला का बघते आणि पळाली तरी सुटत का नाही, हे त्या आईच्या चेहऱ्यावर आधीच लिहिलेलं असतं.

‘चौकट राजा’ 1991 चा. लहानपणीच्या अपघातात बुद्धीची वाढ थांबलेला नंदू, दिलीप प्रभावळकर, आणि त्याची आई. हा चित्रपट पाहताना आमच्या घरात सगळे आपापल्या रुमालात तोंड घालून बसले होते. आता पुन्हा पाहिला तर कळतं की ती आई रडू आणण्यासाठी काहीच करत नाही. वाढलेल्या अंगाच्या मुलाला सांभाळण्याचे कष्ट तिच्या चालण्यात आहेत. एवढ्या मोठ्या मुलाला भरवताना, आवरताना, हाका मारताना तिच्या हालचालींत सवय दिसते. दया दिसत नाही. रोजच्या कामाला कोणी दयेने हात लावत नाही. प्रभावळकरांच्या नंदूला तोल मिळाला तो या आईमुळे. समोरचा नट इतकं ठळक काहीतरी करत असताना आपण कमी करायचं, हे समजायला तिसऱ्या अंकात गप्प बसून पाहिलेलं असावं लागतं.

1987 च्या जानेवारीत अरविंद देशपांडे गेले. पन्नाशीच्या मध्यावर. सुलभाताईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तोही त्याच वर्षीचा. आविष्कार थांबली नाही. अरविंद देशपांडे स्मृती महोत्सव सुरू झाला, पुढे छबिलदास सोडून माहीमच्या महापालिका शाळेत बस्तान हलवलं. पुन्हा शाळाच.

आणि मुलं. सुलभाताईंबद्दल लिहायचं आणि चंद्रशाळेविषयी लिहायचं नाही हे चालणार नाही. आविष्कारचा हा बालविभाग. 1982 सालचं ‘दुर्गा झाली गौरी’ हे त्यांचं नृत्यनाट्य, लेखन माधव साखरदांड्यांचं, नृत्यं गुरु पार्वतीकुमारांची. हट्टी, कोणाचं न ऐकणाऱ्या दुर्गेची गोष्ट. रंगमंचावर मुलांची ही झुंबड. आपल्याकडे बालनाट्य म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत मोठ्या माणसांनी राक्षसाचे मुखवटे घालून केलेला दंगा, अशी समजूत बरीच वर्षं होती. इथे मुलंच नाचत, गात, आणि त्यांच्याकडून मोठ्यांइतकीच शिस्त मागितली जाई. पिढ्या बदलल्या तरी दुर्गा होतच राहिली. मोठ्या झालेल्या मुलांच्या जागी धाकटी येत गेली.

माझी एक मैत्रीण त्या नाटकात समूहात होती. तिला एकही वाक्य नव्हतं. आता तिची मुलगी कॉलेजात आहे, पण गाण्याची पहिली ओळ लागली की हिचे हात अजून आपोआप उठतात. तिच्या मते बेणारे-बेणारे करून आम्ही लोक सुलभाताईंवर अन्याय करतो. एका भूमिकेपेक्षा इतक्या मुलांना रांगेत उभं राहून आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकवलं हे मोठं, असं ती भांडून सांगते. मी भूमिका मोठी म्हणते. आमचा हा वाद जुना आहे, निकाल लागायची लक्षणं नाहीत.

गंमत म्हणजे तिने ‘शांतता’ अजून पाहिलेला नाही. आपल्या बाईंना त्या पिंजऱ्यात उभं केलेलं बघवणार नाही, म्हणते. अगं, नाटक आहे ते, असं मी म्हणून पाहिलं. त्यावर तिने मला काशीकरांच्या थाटात गप्प केलं, म्हणजे न पाहता तिला काशीकर बरोबर माहीत आहे.